आधीच ठाऊक असलेली गोष्ट

कापसाच्या मोसमात तेलंगणातल्या आदिलाबादच्या मार्केट यार्डात गाड्यांची रांग लागते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पिकअप, मधेच एखादी चुकार बैलगाडी. रांगेच्या तोंडाशी कापसात मीटर खुपसून ओलावा मोजतात. आकडा बाराच्या वर गेला की गाडीवाल्याचा चेहरा उतरतो आणि वाद सुरू होतो. तोवर मागच्यांना काही काम नसतं. अशाच एका सकाळी एका ट्रॉलीवर, कापसात पाठ रुतवून, विशीतला एक पोरगा मोबाईलवर नितेश तिवारींच्या 'रामायण'ची झलक पाहत पडला होता. आवाज पूर्ण मोठा. खाली चाकाला टेकून तंबाखू मळणाऱ्या म्हाताऱ्यानं मान वर केली.

"रामायन हाय का गा? कोनतं?"

"नवीन हाय, आबा. दिवाळीले येते."

"थे समजलं. पन कोनतं?"

पोरगा हसला आणि त्यानं ती झलक पुन्हा पहिल्यापासून लावली. म्हाताऱ्याच्या प्रश्नाला उत्तर असू शकतं, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मला मात्र तो प्रश्न नेमका वाटला. त्या वयाच्या आदिलाबादी मराठी माणसाच्या पोटात दोन-तीन रामायणं सहज असतात. एक श्रावणातल्या पोथीचं. बेला, जैनथ, तांसी, तलमडगू या पट्ट्यात मराठी घरं पुष्कळ, आणि पैनगंगेच्या पलीकडे जे वाचलं जातं तेच अलीकडेही. श्रीधरस्वामींचा 'रामविजय' लिहून पूर्ण झाला १७०३ साली. आमच्या आळीत तो माझ्या लहानपणापर्यंत तरी जुना झालेला नव्हता. लाल फडक्यातून पोथी निघायची. वाचणारे काका ओवी म्हणायचे, थांबायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि अर्थ सांगू लागायचे. त्या अर्थात काय वाट्टेल ते शिरायचं. मारुतीच्या शेपटीला गुंडाळता गुंडाळता लंकेतलं कापड संपलं, इथवर आले की काका म्हणणार, आपल्या आदिलाबादच्या साऱ्या जिनिंगांचा माल ओतला असता तरी पुरला नसता. वाती वळणाऱ्या बाया दरवर्षी त्याच ठिकाणी हसत. विनोद ठाऊक होता म्हणून हसायच्या थांबल्या, असं कधी झालं नाही.

दुसरं रामायण तेलुगू पडद्यावरचं. एन. टी. रामाराव १९६१ साली 'सीतारामकल्याणम्'मध्ये रावण झाले. तो सिनेमा दिग्दर्शितही त्यांनीच केला. दोनच वर्षांनी 'लवकुश'मध्ये तेच राम. लोकांनी दोन्ही वेळा हात जोडले. आज कोणत्या नटाला राम शोभतो आणि त्यानं पूर्वी काय खाल्लं-प्यालं, यावर जी भांडणं चालतात ती ऐकली की मला ही दोन सालं आठवतात. तो प्रेक्षक आपल्यापेक्षा भाविक होता आणि आपल्यापेक्षा शहाणाही, कारण नट म्हणजे नट हे त्याला पक्कं कळत होतं. तिसरं रामायण १९८७ पासूनच्या रविवार सकाळचं, रामानंद सागरांचं. त्याबद्दल मी काय सांगू, ते प्रत्येकाकडे आहे.

आता चौथं येऊ घातलंय. पहिला भाग २०२६च्या दिवाळीत, दुसरा २०२७च्या, असं जाहीर झालंय. रणबीर कपूर राम, यश रावण, सई पल्लवी सीता, संगीताला ए. आर. रहमान आणि हान्स झिमर. तेवढ्यावर न थांबता राजामौलींच्या 'वाराणसी'तही रामायणातला एक प्रसंग आहे आणि तिथे राम महेश बाबू. तो सिनेमा २०२७चा. म्हणजे आमच्या गावच्या भिंतींवर दोन राम शेजारी शेजारी चिकटवले जाण्याची शक्यता आहे. तेलुगू पोरं कुणाच्या पोस्टरवर दूध ओततील, हे सांगायला ज्योतिषी नको.

माझं मत विचाराल तर माझी सगळी आशा सई पल्लवीवर आहे. आमच्याकडे ती २०१७च्या 'फिदा'पासून घरची. त्यात ती बांसवाड्याची भानुमती होती आणि तेलंगणाची तेलुगू अशी फाडफाड बोलली होती की इथल्या मुलींना पहिल्यांदाच पडद्यावर आपल्या बोलीचा मान वाटला. तिच्या तोंडावर रंगाचे थर नसतात. पुटकुळ्या असतील तर त्याही दिसतात. अशोकवनातल्या सीतेला असाच चेहरा हवा. बाकी युद्ध, पुष्पक, लंकेचे सोनेरी मनोरे संगणक करून देईल. मला भीती आहे ती त्या थाटाचीच. अशोकवनात काहीच घडत नाही, एक बाई झाडाखाली बसून असते. काहीच न घडण्याला एवढ्या खर्चाच्या सिनेमात किती मिनिटं मिळतील? आमच्या काकांनी त्यावर दोन संध्याकाळी घालवल्या असत्या.

मूळ ग्रंथाशी प्रामाणिक राहा, असं म्हणणाऱ्यांची एक फौज अशा प्रत्येक सिनेमाआधी उभी राहते. मीही तरुणपणी त्या फौजेत होतो. मग एकदा 'मायाबजार' नीट पाहिला. के. व्ही. रेड्डींचा, १९५७चा. तेलुगू माणसाला आवडता सिनेमा विचारा, दहातले निम्मे हेच नाव घेतील. शशिरेखा म्हणजे बलरामाची मुलगी, तिचं अभिमन्यूवर प्रेम, आणि तिचं लग्न दुर्योधनाच्या मुलाशी ठरलेलं. मग घटोत्कच येतो, नवरीला उचलून नेतो, स्वतः तिचं रूप घेऊन मांडवात बसतो आणि लग्नाचं जेवण एकटा फस्त करतो. एस. व्ही. रंगारावांचा तो घटोत्कच! ताटांकडे पाहून त्याचे डोळे लकाकतात, पोटावरून हात फिरतो, लाडू हवेत उडून तोंडात जातात. पापड खाताना आमच्याकडची मुलं अजून तसं खदखदून हसतात, सिनेमा न पाहिलेलीसुद्धा.

आता गंमत अशी की व्यासांच्या महाभारतात हे लग्नच नाही. शशिरेखा नाही, मांडव नाही, जेवण नाही. अभिमन्यूची बायको उत्तरा, एवढंच. आणि तरी माझ्या आजीला ही गोष्ट सिनेमाआधीपासून ठाऊक होती, फक्त मुलीचं नाव वत्सला होतं. मराठीत वत्सलाहरण आहे, तेलुगूत शशिरेखेचं लग्न आहे, संस्कृतात मात्र कुणीच नाही. गावोगावच्या सांगणाऱ्यांनी एक मुलगी महाभारतात आणून सोडली आणि ती इतकी रुळली की आज तिला बाहेर काढायची कुणाची छाती नाही. ज्या दोन भाषांमध्ये आमचा जिल्हा उभा आहे त्या दोन्ही भाषांनी मिळून व्यासांना न सांगता केलेला हा उद्योग आहे. शेजाऱ्यांच्या घरी टीव्हीवर 'मायाबजार' लागला की आजी पुढे सरसावून बसायची आणि तेलुगू बायांना आमच्यात पुढे काय होतं ते सांगायची. त्याही ऐकायच्या, मग आमच्यात असं नाही, असं म्हणायच्या. सिनेमा एकीकडे चाललेला, दोन गोष्टी दुसरीकडे.

तेव्हापासून प्रामाणिकपणाची मोजपट्टी मी सोडून दिली. बदल करा, हवे तेवढे करा. माझी तक्रार वेगळ्या जागी सुरू होते, तिच्याकडे येतोच.

त्याआधी एक छोटी मजा. सीमेवर राहणाऱ्या सिनेमावेड्याला उसन्या गोष्टी दोनदा भेटतात. 'मजिली' आम्ही २०१९ साली पाहिला, नागचैतन्य आणि समंताचा. २०२२च्या अखेरीस महाराष्ट्रात त्याच कथेवरच्या 'वेड'नं धुमाकूळ घातला तेव्हा यवतमाळचा माझा मामेभाऊ फोनवर डोळे पुसत मला कथा सांगत होता आणि मी सभ्यपणे हं हं करत होतो. शिवाय 'वेड'ची नायिका जिनिलिया तिकडे सगळ्यांची वहिनी. आमच्यासाठी ती २००६च्या 'बोम्मरिल्लू'पासूनची हासिनी. 'वेड'च्या सोळा वर्षं आधीपासून आम्ही तिला ओळखत होतो, हे त्याला सांगून काही उपयोग झाला नाही.

परदेशी गोष्टींतली मी वाट पाहतोय ती ख्रिस्तोफर नोलनच्या 'ओडिसी'ची. जाहीर तारीख १७ जुलै २०२६, मॅट डेमन ओडिसियस, आणि सगळा सिनेमा आयमॅक्स कॅमेऱ्यांवर चित्रित. इतका मोठा पडदा आमच्या पंचक्रोशीत नाही. आदिलाबादला तो लागलाच तर समुद्र आमच्या मापाचा होऊन येईल. हरकत नाही. मला समुद्र फारसा नकोच आहे, एक डोळ्याचा राक्षसही नको. मला कुत्रा हवाय. वीस वर्षांनी ओडिसियस भिकाऱ्याच्या वेषात घरी येतो, कुणी ओळखत नाही. दारात शेणाच्या ढिगावर गोचिडांनी भरलेलं म्हातारं कुत्रं पडलेलं असतं, आर्गोस. ते ओळखतं. उठायची ताकद नाही, शेपटी हलवतं, कान पाडतं. ओडिसियसला जवळ जाता येत नाही, कारण गेला तर सोंग उघडं पडेल. तो तोंड फिरवून डोळे पुसतो, आणि तेवढ्यात कुत्रं मरतं. होमरनं हे मोजक्या ओळींत उरकलंय. आमच्याच जुन्या जिल्ह्यातल्या निर्मल-खानापूरकडची कितीतरी माणसं आखातात कामाला जाऊन वर्षानुवर्षं परतत नाहीत. त्यांच्यातल्या कुणाला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. नोलननं कुत्रा गाळला तर उरलेल्या सिनेमाशी माझं काही देणंघेणं नाही, इतकं टोकाचं मत एका सिनेमावेड्याला परवडतं.

मराठीतून मोठ्या पडद्यावर काय यावं, यावरही आमच्या चहाच्या टपरीवर ठराव होत असतात. शिवाजी सावंतांच्या 'छावा'वरचा सिनेमा २०२५च्या फेब्रुवारीत आला, मार्चमध्ये तेलुगूतही. इथल्या मराठी घरांनी तो आधी हिंदीत पाहिला आणि मग तेलुगू मित्रांना धरून नेऊन दुसऱ्यांदा. कादंबरी जाडजूड आहे, तिच्यात शंभूराजांचं पोरकं बालपण आहे, आग्रा आहे, रायगडावरची घुसमट आहे. सिनेमाचा जीव मात्र शेवटच्या काही पानांत. थिएटरातून बाहेर पडणाऱ्यांच्या मुठी वळलेल्या होत्या. पुस्तक मिटताना माझ्या हाताला तसं काही झालं नव्हतं, गळा मात्र भरून आला होता. आता सगळे 'मृत्युंजय'वर सिनेमा मागतात. मागोत. पण 'मृत्युंजय'मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण आळीपाळीनं बोलतात, आणि तीच घटना बोलणारा बदलला की बदलते. ते सोडून नुसतं कुरुक्षेत्र घेतलं तर सावंतांचं नाव कशाला हवं? ज्याला सहा तोंडं सांभाळता येतील त्यानंच हात घालावा.

आमच्या जिल्ह्यात ही कला जुनी आहे. गोंडांच्या पुराणकथा गातात ते परधान. त्यांच्या हातात किकरी, घोड्याच्या केसांच्या गजानं वाजवायचं तंतुवाद्य. गोंडांची दैवतं, कुळांची उत्पत्ती, जुनी भांडणं हे सगळं त्यांच्या तोंडी. नवल म्हणजे या परधानांची घरातली भाषा मराठी आणि गाणं गोंडीत. घरी ज्या भाषेत पोरांवर ओरडायचं तिच्यापेक्षा वेगळ्या भाषेत दुसऱ्यांचे देव जपायचे! क्रिस्तोफ फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ मारलवाईला येऊन राहिला आणि त्यानं या कथा उतरवून घेतल्या. १९४८ साली 'राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' छापून आलं. पुष्य अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते, मेसराम कुळाची माणसं पायी जाऊन गोदावरीचं पाणी आणतात, तेव्हा किकरी अजून ऐकू येते. छापलं गेलं म्हणून परधान गप्प बसले नाहीत.

सिनेमाच्या बाबतीत मात्र माणसं गप्प बसतात. माझी तक्रार ती हीच.

कोमरम भीम आमचा. जोडेघाट आता नव्या आसिफाबाद जिल्ह्यात गेलं, जिल्ह्याला भीमाचंच नाव दिलं, पण जुन्या आदिलाबादची माणसं अजून 'आमचा'च म्हणतात. निजामाच्या अंमलात जंगल आणि जमिनीसाठी तो लढला आणि १९४० साली जोडेघाटला मारला गेला. त्याच्यावर अल्लाणी श्रीधर यांनी १९९०च्या सुमारास तेलुगूत सिनेमा केला. थिएटरात लागायला २०१० उजाडलं. मग २०२२च्या मार्चमध्ये आला 'आरआरआर', आणि भीम जगभर गेला. भीम झाला ज्युनियर एनटीआर, म्हणजे 'लवकुश'मधल्या रामाचा नातू, जो स्वतः लहानपणी गुणशेखरच्या बालरामायणात राम झाला होता. टीझरमध्ये भीमाच्या डोक्यावर मुसलमानी टोपी दिसली तेव्हा इथे आंदोलनाची भाषा झाली. सिनेमात ते वेषांतर निघालं आणि विषय मिटला. टोपीवर एवढी शक्ती खर्च झाली की खऱ्या प्रश्नाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

राजामौलींनी सांगितलं होतं की सिनेमाचा दुसरा नायक अल्लुरी सीताराम राजू आणि भीम दोघेही तरुणपणी काही वर्षं घर सोडून गेले, त्या काळात काय घडलं ते ठाऊक नाही, आणि तिथेच त्यांनी कल्पनेला वाव दिला. कल्पना झकास आहे. वाघाशी झुंज, दिल्ली, पूल, आग, मैत्री, ऑस्कर मिळवणाऱ्या गाण्यावरचा नाच. पण भीमाची ती वर्षं आमच्याकडे रिकामी नव्हतीच. म्हातारी माणसं सांगतात की तो पळून चंद्रपूरला गेला, विठोबा नावाच्या छापखानेवाल्याकडे राहिला, तिथे लिहा-वाचायला शिकला, मग आसामच्या चहाच्या मळ्यांत राबला आणि परतला. सिनेमाच्या शेवटी राम, म्हणजे सीताराम राजू, भीमाला विचारतो, तुला काय हवं. भीम विद्या मागतो, आणि राम झेंड्यावर जल, जंगल, जमीन लिहून देतो. चंद्रपूरच्या छापखान्यात शाईनं हात काळे करून मिळवलेली अक्षरं सिनेमानं काढून घेतली आणि शेवटी दान म्हणून परत दिली.

'कोमुरम भीमुडो' गाण्याला माझ्या अंगावर काटा आला, हेही लिहून ठेवतो. चाबकाखाली तो गुडघे टेकत नाही, तेव्हा थिएटरात माझ्या पुढच्या रांगेतला गोंड पोरगा खुर्चीवर उभा राहिला होता. त्याचा आनंद खोटा नव्हता. पण आता उटनूरकडच्या शाळेतल्या पोरांना भीम कोण विचारलं तर ती वाघ सांगतात, दिल्ली सांगतात. छापखाना कुणी सांगत नाही. मांडीवर नातवंड घेऊन बसलेला आजाही पडद्यावरची गोष्ट संपेपर्यंत थांबतो आणि मग आपली सांगत नाही. 'मायाबजार'समोर माझी आजी बोलत होती. 'आरआरआर'नंतर आजा बोलत नाही. हा फरक कशानं पडला? पडदा मोठा झाल्यानं, आवाज वाढल्यानं, की परदेशात टाळ्या वाजल्यानं आपलीच गोष्ट आपल्याला किरकोळ वाटू लागते? माझ्याकडे उत्तर नाही. येणाऱ्या 'रामायण'ची मला धास्ती आहे ती एवढ्यापुरतीच. सिनेमा वाईट निघाला तर काही बिघडणार नाही, वाईट रामायणं आपण पुष्कळ पचवलीत. चांगला निघाला आणि त्यानंतर कुणी काका पोथी घेऊन बसलाच नाही, तर?

तिकीट मी काढणारच आहे, दोन्ही भागांचं. आणि मराठीत सिनेमा करणाऱ्यांना एक विनंती आहे. विठोबाच्या छापखान्याची गोष्ट घ्या. चंद्रपुरात एक गोंड पोरगा येतो, खिळे जुळवायला शिकतो, उलट्या अक्षरांतून वाचायला शिकतो आणि एक दिवस निघून जातो, एवढीच. खर्च फार येणार नाही. एक जुनं घर, एक यंत्र, दोन चांगले नट. भीमाची ही वर्षं मराठी मुलखात गेली आहेत, तेव्हा गोष्टीचा हा तुकडा तुमचाच आहे. वाघ नसला तरी चालेल.